तिनार हसली तो फोटो

एस्तेबेस जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या नारीन शहरात पन्नाशीकडे झुकलेल्या कुणाच्याही घरी जा, भिंतीवर त्याने काढलेला एक तरी फोटो दिसेल. डोक्यावर पुठ्ठ्याचे सशाचे कान, हातात संत्रं आणि चेहरा असा की पोर आत्ताच काहीतरी बोलून थांबलंय. लोक म्हणतात, त्याच्या हातात जादू होती. जादूबिदू काही नव्हती. मी बावीस वर्षं त्याच्या मागच्या खोलीत बसून काम केलंय, मला विचारा.

सरकारी सेवाघराच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. खाली चांभार आणि शिंपी, शेजारी न्हावी. एस्तेबेस फोटो काढायचा आणि मी ते खोटे करायचे. म्हणजे निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या बुजवायच्या, मस घालवायचा, पडलेल्या दाताच्या जागी दात काढून द्यायचा. बायका माझ्यावर खूश असायच्या. लहान मुलांच्या निगेटिव्हला मात्र हात लावायची मला परवानगी नव्हती. एकदा मी एका पोराच्या नाकाखालचा शेंबूड पुसला, तर एस्तेबेस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. "तो त्याचा शेंबूड आहे, अनिपा," म्हणाला, "तुझा नाही."

खरी गर्दी नवीन वर्षाच्या आधी. डिसेंबर अर्धा सरला की जिन्यापर्यंत रांग. आया पोरांना चार-चार कपड्यांत कोंबून आणायच्या, वरून नवीन वर्षाच्या सोंगासाठी जाळीचा झगा नाहीतर कापसाची दाढी. एस्तेबेसच्या आधीचा फोटोग्राफर ओरडायचा, "हलू नकोस! श्वास घेऊ नकोस!" त्यामुळे त्याच्या फोटोंतली सगळी पोरं शिक्षा ऐकायला उभी केल्यासारखी दिसतात. एस्तेबेसने आल्या आल्या पहिला नियम केला, आया बाहेर. दुसरा नियम, पोराला कुणी 'हस' म्हणायचं नाही. कॅमेरा लाकडी पेटीचा, तिपाईवर ठेवलेला. त्याला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला फुगा, तो दाबला की फोटो निघायचा. तो फुगा मुठीत लपवून एस्तेबेस पोरासमोर जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "माझी घोडी कालपासून काही खात नाही रे. काय करावं?"

पोर विचारात पडायचं. मग सल्ला द्यायचं. पाणी पाज, मीठ चाटव, माझ्या आजोबांना बोलव. त्या बोलण्यात, त्या विचारात मूठ आवळली जायची. नारीनच्या निम्म्या पोरांनी त्याला त्या घोडीबद्दल सल्ले दिले आहेत. घोडी त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याला घोड्यावर नीट बसताही येत नव्हतं, पण ते मोठ्याने बोलू नये.

एका पोरामागे कधी कधी अर्धा तास जायचा. रांगेतल्या बायका माझ्या नावाने खडे फोडायच्या, कारण दार मी उघडायचे. मी आत जाऊन त्याला म्हणायचे, "अरे, लग्नाची बोलणी करतोयस की फोटो काढतोयस?" तो नुसती मान हलवायचा. एकदा एक आजोबा फोटो परत घेऊन आले, लालबुंद होऊन.

"याचं तोंड उघडं आहे!"

"बोलत होता, आजोबा."

"फोटोत कुणी बोलतं का?"

"तुमचा नातू कधी गप्प बसतो का?"

आजोबांनी थोडा विचार केला आणि आणखी दोन प्रती मागितल्या.

असा हा माणूस. आणि त्याला स्वतःच्या मुलीचा एक धड फोटो काढता येत नव्हता.

तिनार त्याची पहिली मुलगी. आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं. सगळेच देतात असं नाही, पण मागितलं तर नाही म्हणता येत नाही. तिनार चाळीस दिवसांची झाली तेव्हा एस्तेबेसची आई बुरुलचा वरच्या खोऱ्यातल्या गावाहून नवं पांघरूण घेऊन आली, आणि एस्तेबेसने आपल्या हाताने पोर त्या पांघरुणात ठेवलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आईने मागितली म्हणून त्याला अभिमान वाटला होता, हे त्यानेच मला सांगितलं. कालिचाला, त्याच्या बायकोला, काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. ती सून होती. दूध आटावं म्हणून छाती बांधून ती आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपली, एवढंच मला माहीत आहे, कारण तेव्हा मी त्यांच्या शेजारी राहत होते.

तेव्हापासून तिनारची आई बुरुलचा आणि तिनारचे बाबा कासिमाली. एस्तेबेस शहरातला मोठा दादा, कालिचा वहिनी. मुलगी मोठी होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हे ठरलेलं. यात जगावेगळं काही नव्हतं. एस्तेबेसला पुढे दोन मुलगे झाले, ते त्याला बाबा म्हणत. पण तिनारच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, बाबा ऐकायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. दारू प्यायला की हेच. दारू न पिताही हेच. मी म्हणायचे, "तू दिलीस ना? मग आता काय?" मला तेव्हा वाटायचं, मी शहाणपणाचं बोलतेय.

तिनार तीन वर्षांची झाली तेव्हापासून म्हातारा-म्हातारी तिला दर नवीन वर्षाला गावाहून घेऊन यायचे. सशाचे कान मीच केले होते, दरवर्षी थोडे मोठे करायचे. आणि दरवर्षी तोच प्रकार. पोरगी स्टुलावर ताठ उभी, हात शिवणीला लावून, ओठ घट्ट. एकतर बुरुलचा खोलीतून हलायची नाही. नियम सगळ्या आयांना होता, पण स्वतःच्या आईला बाहेर काढायची एस्तेबेसची हिंमत नव्हती, आणि म्हातारीही कच्ची नव्हती. मुलाच्या डोळ्यांत काय आहे ते तिला दिसत होतं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची, काठी गुडघ्यांत धरून.

घोडीचीही मात्रा चालायची नाही. "माझी घोडी काही खात नाही, तिनार," तो म्हणायचा. पोरगी अदबीने उत्तर द्यायची, "दादा, तुमच्याकडे घोडी नाहीये. बाबांनी सांगितलंय."

तीन वर्षांचे तीन फोटो आहेत. तिन्हींत ती परक्या घरी आलेल्या पाहुणीसारखी दिसते. एस्तेबेस ते ओल्या कागदावर उमटताना बघायचा आणि वाळत घालायचा.

ती सहा वर्षांची झाली त्या साली बुरुलचाच्या बुटाचा तळ निघाला. लोकरीचा जाड बूट, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, परत गावाला जायचं. ती खाली चांभाराकडे गेली. कासिमाली बाजारात होता. तिनार आणि एस्तेबेस पहिल्यांदाच खोलीत दोघंच होते. मी मागच्या खोलीत, दार अर्धवट उघडं, हातात पेन्सिल.

त्याने घोडीचं काही विचारलं नाही. जमिनीवर मांडी घालून बसला. पोरगी वाट बघत होती. मग तो म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात, "तिनार, मी तुझा दादा नाही. मी तुझा बाबा आहे. आणि कालिचा तुझी आई. तू आमची आहेस."

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. आणि हसली. अशी हसली की डोक्यावरचा एक कान डोळ्यावर घसरला. पोट धरून, पडलेल्या दाताची जागा दाखवत, मान मागे टाकून. "दादा, तुम्ही पण ना! आधी घोडी, आता हे!"

फुगा दाबल्याचा आवाज मी ऐकला. त्याने मुद्दाम केलं असं मी कधीच म्हणणार नाही. वर्षानुवर्षांची सवय होती ती. समोर पोर मोकळं झालं की त्याची मूठ आपोआप मिटायची.

मी दारात आले. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याने पुन्हा बोलायला तोंड उघडलं. मला त्याच्या तोंडावरून दिसलं की तो तेच पुन्हा सांगणार आहे, आणि या वेळी पोरीला कळेल असं सांगणार आहे. मी घाबरले. म्हातारीला घाबरले, घरात होणाऱ्या आकांताला घाबरले, खरं तर कशाला घाबरले मला आजही माहीत नाही. मी म्हणाले, "आई जिना चढतायत."

जिन्यावर कुणी नव्हतं. त्यानंतर चांगल्या पंधरा मिनिटांनी म्हातारी आली.

एस्तेबेसने तोंड मिटलं. पोरीचा कान सरळ केला. "झालं," म्हणाला, "छान आला. उतर खाली."

बुरुलचा दारात दिसताच तिनार धावत गेली. "आई, आई, दादा म्हणतात ते माझे बाबा आहेत! आणि वहिनी माझी आई!" अजून हसत होती बिचारी. मला वाटलं, आता काठी उठते. पण म्हातारीने आवाज चढवला नाही. पोरीचा रुमाल गळ्याभोवती बांधला, एक गाठ, दुसरी गाठ. "पोरांना हसवायला असं काहीबाही सांगतो तो," म्हणाली. "जा, खाली बाबा आले असतील." पोरगी गेल्यावर मुलाकडे वळली.

"मी हिसकावून नेली नव्हती, एस्तेबेस. तू दिलीस."

"दिली, आई."

"दिलेलं पोर परत मागणारा मुलगा आईला काय म्हणतोय, कळतं तुला? की तू मेलीस तरी चालेल."

म्हातारी नवा तळ लावलेला बूट आपटत जिना उतरली. त्यानंतर तिने तिनारला फोटोसाठी कधी आणलं नाही.

फोटो मात्र असा आला होता की मी जन्मात तसा पाहिला नाही. मी तो लपवून ठेवणार होते. पण सेवाघराच्या साहेबांनी तो दोरीवर वाळताना पाहिला आणि थेट खालच्या दाराशेजारच्या काचेच्या खिडकीत लावला. पुढे कुठल्याशा प्रदर्शनातही पाठवला. तिथून प्रशस्तिपत्र आलं, त्यात लिहिलं होतं की बालकाचा असा नैसर्गिक आनंद क्वचितच टिपला जातो. साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. एस्तेबेस भिंतीला टेकून ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या दाराने आत येईनासा झाला. मागच्या अंगणातून, कोळशाच्या ढिगाला वळसा घालून यायचा. चौदा वर्षं तो फोटो खिडकीत होता आणि चौदा वर्षं त्याच्या बुटांना कोळसा लागायचा.

"आमच्या पोरीचा असाच काढा," बायका खिडकीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "असाच हसरा." तो म्हणायचा, "तसा नको." त्यानंतरचे त्याचे फोटो नीट बघितलेत तर कळेल. पोरं त्यांत विचार करतायत, रुसलीयत, संत्र्याचा वास घेतायत. हसणारं एकही नाही. पोर हसायला लागलं की तो मूठ उघडून हात मांडीवर ठेवायचा. लोकांना वाटलं, ही त्याची नवी पद्धत. एकदा मी न राहवून म्हटलं, "तू पुन्हा सांगितलं का नाहीस तिला? नंतर? गावाला जाऊन?"

"एकदा सांगितलं," तो म्हणाला. "तिला हसू आलं. पोराला हसू येतं ती गोष्ट खरी नसते, अनिपा. पोरांना बरोबर कळतं."

इतका शहाणा माणूस, आणि इतका मूर्खपणा! पण मी तरी त्याला जिन्याचं सांगितलं का? नाही.

तिनारला कळायचं ते कळलंच. गावात असल्या गोष्टी राहत नाहीत. शाळेत कुणीतरी म्हणालं असेल. ती घरात कुणाला काही बोलली नाही. सतराव्या वर्षी नर्सिंग शिकायला शहरात आली, तेव्हा एस्तेबेसने पुढची खोली रंगवून ठेवली होती. ती वसतिगृहात राहिली. रविवारी यायची, बुरुलचाने दिलेलं लोणी घेऊन. "वहिनी, बसा ना तुम्ही, चहा मी ओतते," म्हणायची. कालिचा बसायची आणि तिच्या हातांकडे बघत राहायची. हात अगदी कालिचाचेच होते. एस्तेबेस विचारायचा, "अभ्यास कसा चाललाय?" ती म्हणायची, "ठीक चाललाय, दादा." एवढंच. आणि तो आठवडाभर तेवढ्यावर जगायचा.

पुढच्या वसंतात कासिमाली गेला. मी कालिचाबरोबर दफनाच्या आदल्या दिवशीच गावी पोचले, स्वयंपाकाला माणसं लागतात. अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारून म्हाताऱ्याला आत ठेवला होता. आमच्यात मुलगे बाहेर उभे राहतात, कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, आणि कुणी भेटायला आलं की मोठ्याने रडतात. लेकी आत बसतात, तोंड भिंतीकडे करून, आणि गाऊन रडतात. एस्तेबेस थोरला, म्हणून दाराशी सगळ्यांत पुढे. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "बाबा! माझे बाबा!"

आत बुरुलचाच्या उजवीकडे तिनार. पलीकडे कालिचा, सून म्हणून. मी मागे. दुपारी खालच्या गावची माणसं घोड्यांवरून आली, बाहेर रडणं सुरू झालं, आणि तिनारने आवाज लावला. अठरा वर्षांची पोर, असं गाणं तिला कुणी शिकवलं कोण जाणे. "घोड्यावर पुढ्यात बसवून मला जग दाखवलंत, बाबा. ताप आला तेव्हा तीन रात्री उशाशी बसलात. आता मी बाबा म्हणून कुणाला हाक मारू? बाबा म्हणावं असं या जगात माझं कुणी राहिलं नाही."

नमदा काही जाड नसतो. बाहेर एस्तेबेसचा आवाज थांबला. मुलगा मध्येच थांबत नाही, थांबायचं नसतं, पाहुणे दारात उभे असतात. धाकटे भाऊ रडत होते आणि मोठ्याचा आवाज नव्हता. कालिचाने भिंतीकडचं तोंड आणखी भिंतीत खुपसलं. मग, बऱ्याच वेळाने, तो आवाज पुन्हा आला, पण त्यात शब्द नव्हते.

म्हाताऱ्याला मातीत ठेवून माणसं परतल्यावर मी आणि तिनार विहिरीशी वाडगे धूत बसलो होतो. माझं तोंड मला आवरत नाही हे सगळ्या नारीनला माहीत आहे. मी म्हटलं, "तुला ठाऊक आहे ना, तिनार? मग तो बाहेर उभा असताना असं का म्हणालीस?"

तिने वाडगा पालथा घातला. "ठाऊक आहे, अनिपाताई. दहा वर्षांची होते तेव्हापासून."

"मग?"

"मग काय? मी वाट बघितली. सहा वर्षांची असताना त्यांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं थट्टा करतायत. नंतर कळलं की खरं होतं. मला वाटलं, पुन्हा सांगतील. दर सुट्टीत वाटायचं, या वेळी सांगतील. आणि ते विचारायचे अभ्यासाचं." ती पाण्याकडे बघत होती. "त्याच दिवशी त्यांनी आणखी एकदा सांगितलं असतं ना, तर मी हसणं थांबवलं असतं, ऐकलं असतं. एकदाच सांगून गप्प बसणाऱ्याला बाबा कसं म्हणू? बाबांनी तर मला रोज सांगितलं, तू माझी आहेस म्हणून."

"आताही सांगता येईल त्याला," मी म्हटलं.

"आज मी माझ्या बाबांना पुरलंय," ती म्हणाली आणि वाडग्यांची चळत उचलून आत गेली.

एस्तेबेस काठी टेकत विहिरीशी आला. डोळे सुजलेले, पट्टा तसाच बांधलेला. तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "काय म्हणत होती?"

तेव्हा सांगायला हवं होतं. की ती आठ वर्षं वाट बघत होती. की अजूनही, आज नाही तर महिन्याने, जा आणि तिला पुन्हा सांग. पण ते सांगितलं की जिन्याचंही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी त्याने तोंड उघडलं होतं आणि मी ते बंद केलं, रिकाम्या जिन्याच्या भीतीने. मी ओले हात झग्याला पुसले.

"म्हणत होती," मी म्हटलं, "दादांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला, लहान पोरासारखा. "असं म्हणाली?" त्याने विचारलं. मग माझ्या हातून वाडगा घेतला, काहिलीतला गार झालेला रस्सा त्यात ओतला आणि उभ्या उभ्याच प्यायला. पुढची एकोणतीस वर्षं, तो जाईपर्यंत, मला खरं सांगायचं धाडस झालं नाही.